मुलांच्या डोळ्यांची ॲलर्जी : बाटली कोणती, थेंब कसा, किती दिवस

माझ्या मुलाचे डोळे पहिल्यांदा लाल झाले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. जळगावात फेब्रुवारी सरत आला की उन्हाचे चटके बसायला लागतात, आणि हा दोन्ही मुठी डोळ्यांत खुपसून चोळत बसायचा. शेजारपाजारचे म्हणाले, डोळे आलेत. आम्हीही तेच धरून चाललो. डोळे आलेच नव्हते, हे कळायला तिसरा उन्हाळा उजाडला. मधल्या दोन वर्षांत मेडिकलमधून आणून टाकलेल्या बाटलीत काय होतं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. ते पुढे सांगतेच.

मी डॉक्टर नाही. सहा उन्हाळे रोज थेंब टाकलेली आई आहे. औषध कोणतं ते नेत्रतज्ज्ञांनीच ठरवायचं, पण घरी ते नीट वापरणं आपल्या हातात असतं, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

आधी ओळखा: खाज आहे की चिकटा?

ॲलर्जीची पहिली खूण म्हणजे खाज. डोळे लाल आहेत, पाणी येतंय, पण मूल अजिबात चोळत नाही, तर ॲलर्जी असण्याची शक्यता कमी. दुसरं म्हणजे ॲलर्जी साधारणपणे दोन्ही डोळ्यांना एकदमच होते. डोळे येतात तेव्हा बहुधा एक डोळा आधी धरतो, मग दुसरा, मग घरातली भावंडं, मग अर्धा वर्ग. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर पसरलेली साथ आठवत असेल, ते डोळे येणं. ॲलर्जी कुणाकडून कुणाला लागत नाही. शाळेने मुलाला घरी पाठवलं तर डॉक्टरांची चिठ्ठी न्या. मला तीन वेळा न्यावी लागली.

चिपडांकडेही बघा. जंतूंमुळे आलेल्या डोळ्यांत पिवळट, पापण्या चिकटवणारी घाण येते. ॲलर्जीत पाणी येतं किंवा पांढरट, ओढली तर दोऱ्यासारखी लांब येणारी तार निघते. ती तार बोटाने ओढून काढायचा मुलांना भारी नाद असतो. हात मागे घ्यायला लावा.

खाज सकाळ-संध्याकाळ, धुळीत, उन्हातून आल्यावर वाढते का, सोबत सटासट शिंका येतात का, घरात कुणाला दमा किंवा त्वचेचा इसब आहे का, हे आठवून ठेवा. डॉक्टर हेच विचारतात.

साध्या ॲलर्जीच्या पुढचा एक प्रकार आहे, व्हर्नल. लॅटिनमध्ये ‘व्हेर’ म्हणजे वसंत, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडच्या उष्ण, कोरड्या, धुळीच्या हवेत तो वसंतापुरता राहत नाही, काही मुलांना वर्षभर छळतो. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो, शाळेत जायच्या वयात सुरू होतो आणि बहुतेकांचा वयात येताना आपोआप ओसरतो. यात वरच्या पापणीच्या आत फरसबंदीसारखे उंचवटे येतात, नाहीतर बुबुळाच्या कडेला चिकट, तपकिरी कडं आणि त्यात पांढरे ठिपके दिसतात. मूल उजेडात डोळे उघडत नाही. असं काही असेल तर मेडिकलची पायरी चढूच नका, थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

तपासणीला जाताना

आजवर डोळ्यांत टाकलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. रिकाम्या असल्या तरी न्या. ‘ती पांढऱ्या झाकणाची होती’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. तिथे पापणी उलटून बघतात, यंत्रापुढे हनुवटी टेकवून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा तपासतात, पिवळा रंग टाकून त्यावर ओरखडा आहे का पाहतात. रंगाने रुमाल पिवळा होतो, तेवढं जुना न्या. मुलाने आधी कधी स्टेरॉइडचे थेंब वापरले असतील तर डोळ्याचं प्रेशर मोजायला आपणहून सांगा.

बाटलीवर काय वाचायचं

कंपनीने ठेवलेलं मोठं नाव सोडून द्या. खाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघितला की दिसतं.

सगळ्यात साधी बाटली म्हणजे कृत्रिम अश्रू, बहुधा कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज. याने ॲलर्जी जात नाही, पण डोळ्यावर बसलेली धूळ आणि परागकण धुऊन निघतात, कोरडेपणा कमी होतो. हलक्या त्रासात कधी कधी एवढ्यावरच भागतं.

त्यानंतरचा गट म्हणजे या आजाराचं रोजचं काम करणारी औषधं: ओलोपॅटाडिन, केटोटिफेन, बेपोटास्टिन, अल्काफ्टाडिन. आपल्या डोळ्याच्या आवरणात मास्ट नावाच्या पेशी असतात. ॲलर्जीची वस्तू लागली की त्या फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. खाज, लाली, पाणी त्यातूनच येतं. या गटातली औषधं दोन्ही कामं करतात: बाहेर पडलेल्या हिस्टामिनला अडवतात आणि पेशींना फुटू देत नाहीत. पहिल्या कामाचा आराम काही मिनिटांत मिळतो, दुसऱ्याचा जम बसायला रोज न चुकता टाकत राहावं लागतं. ओलोपॅटाडिन ०.१ टक्का साधारण दिवसातून दोनदा आणि ०.२ टक्के एकदा असतं, म्हणून बाटलीवरचा आकडाही वाचा. बहुतेक औषधं दोन-तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहेत. त्याहून लहान बाळाच्या डोळ्यांत स्वतःच्या मनाने काहीही टाकू नका.

सोडियम क्रोमोग्लायकेट हे जुनं औषध फक्त पेशी फुटू न देण्याचं काम करतं. दिवसातून चारदा टाकावं लागतं आणि गुण यायला दोन आठवडेही लागतात. शाळेच्या मुलाला चारदा जमणं अवघड, म्हणून हल्ली मागे पडलंय.

मग येतात ‘लाली घालवणारे’ थेंब, नॅफॅझोलिनचे. यांनी रक्तवाहिन्या आकसतात, डोळा पांढरा दिसतो, खाजेचं मूळ आहे तसंच. चार-पाच दिवस सलग वापरून थांबवलं की लाली दुप्पट होऊन परत येते. शिवाय ही बाटली मुलाच्या तोंडात गेली तर खरोखर धोका आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये इशारा दिला होता की असे थेंब लहान मुलाच्या पोटात १ ते २ मिलिलिटर एवढेच गेले तरी गंभीर परिणाम होऊ शकतात. मुलांच्या ॲलर्जीसाठी घरात ही बाटली ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र करणारी बाटली

आता ती पोटात गोळा आणणारी गोष्ट. पहिल्या उन्हाळ्यात एका डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी थेंब दिले. जादूच झाली. दोन दिवसांत खाज गेली, पोरगा खेळायला पळाला. पुढे डोळे लाल झाले की आम्ही तीच रिकामी बाटली मेडिकलमध्ये दाखवायचो आणि नवी घेऊन यायचो. कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. दोन उन्हाळे हे असंच चाललं. तिसऱ्या वर्षी नेत्रतज्ज्ञांनी प्रेशर मोजलं. उजव्या डोळ्याचं २८ आलं. साधारण १० ते २१ असायला हवं. त्या बाटलीत डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड.

स्टेरॉइड वाईट औषध नाही, हे आधी सांगते. व्हर्नल भडकलेला असताना, कॉर्नियाला इजा व्हायची वेळ आलेली असताना, तेच डोळा वाचवतं. डॉक्टर ते मोजून देतात, दिवसातून चारदा, मग तीनदा, दोनदा, एकदा असं उतरवत आणतात आणि बंद करतात. मनाने आणि महिनोन्‌महिने टाकलं की काही मुलांच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं. ते दुखत नाही, खुपत नाही, डोळा उलट छान पांढरा दिसतो. आणि आतल्या आत दृष्टीची नस दबत जाते. यालाच काचबिंदू म्हणतात, त्यात गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही होऊ शकतो, आणि डोळ्यात आधीच संसर्ग असेल तर तो भडकतो. आमचं नशीब, थेंब बंद केल्यावर प्रेशर खाली आलं.

म्हणून ही नावं ओळखायला शिका: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायफ्लुप्रेडनेट, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. शेवटची दोन तुलनेने सौम्य, त्यांनी प्रेशर कमी वाढतं, पण वाढतच नाही असं नाही. स्टेरॉइड बरेचदा अँटिबायोटिकच्या जोडीने एकाच बाटलीत असतं, ‘मॉक्सिफ्लॉक्सासिन अधिक डेक्सामेथासोन’ असं. ब्रँडच्या नावाच्या शेवटी डी किंवा एलपी अशी अक्षरं दिसली तर खालचं बारीक नक्की वाचा. ॲलर्जीला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, गुण येतो तो स्टेरॉइडचा.

डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहून दिलं तर तिथेच तीन गोष्टी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या: किती दिवस, कमी कसं करायचं, आणि प्रेशर तपासायला कोणत्या तारखेला यायचं. कोर्स संपला की उरलेली बाटली त्याच दिवशी फेकून द्या. कपाटात ठेवलीत तर पुढच्या लाल डोळ्याला हात तिच्याकडेच जाणार.

थेंब टाकायचा कसा

बाटली उघडाल त्या दिवसाची तारीख लेबलवर पेनाने लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात, आत औषध उरलेलं असलं तरी. ‘हलवून वापरा’ लिहिलेलं असेल तर नीट हलवा. स्टेरॉइडच्या काही बाटल्यांत औषध तळाला बसतं आणि न हलवता टाकलं की वरचं नुसतं पाणी डोळ्यांत जातं.

हात साबणाने धुवा. मुलाला उताणं झोपवा, उशी काढा. डोळे उघडे ठेव म्हणून ओरडू नका, ते त्याच्या हातात नसतं. उलट डोळे मिटायला सांगा. नाकाजवळच्या कोपऱ्यात, जिथे छोटा खड्डा होतो तिथे एक थेंब सोडा. मग म्हणा, आता हळूच उघड-मीट कर. थेंब आपसूक आत उतरतो. ही युक्ती आम्हाला एका नर्सबाईंनी शिकवली आणि घरातली रोजची लढाई त्या दिवशी संपली. पोरगा आठ वर्षांचा झाल्यावर आम्ही खालची पापणी हलकी ओढून तिच्या खोबणीत थेंब टाकायला लागलो. ती पद्धत जास्त चांगली, पण मूल तयार असेल तेव्हाच. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला कशालाच लागू देऊ नका.

एकच थेंब. बाटलीतला एक थेंब साधारण ४० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि पापणीच्या खोबणीत फार तर ३० मावतात. दुसरा थेंब सरळ गालावर ओघळतो. थेंब गेला की डोळे मिटून ठेवायला सांगा आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने हलका दाबून धरा, मिनिटभर. तिथून नाकात जाणारी नळी असते, तिच्यावाटे औषध घशात उतरतं आणि कडू लागतं. ‘आई, घशात कडू येतंय’ म्हणाला की समजायचं, दाबायला विसरलो. मूल रडलं तर औषध आसवांबरोबर वाहून जातं. शांत झाल्यावर पुन्हा टाका.

दोन औषधं असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. मलमानंतर थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून रात्री झोपतानाच.

दोन-तीन वर्षांचं मूल हात झाडत असेल तर चादरीत गुंडाळून घ्या, एकाने डोकं धरावं, दुसऱ्याने थेंब टाकावा. आधी बाहुलीच्या डोळ्यांत ‘थेंब’ टाकला की काही मुलं ऐकतात. आमचा पोरगा आधी माझ्या बंद डोळ्यांवर पाण्याचा थेंब टाकायचा, मग स्वतः आडवा व्हायचा. बाटली फ्रिजच्या दारात ठेवली की थेंब गार लागतो आणि खाजेलाही बरं वाटतं. फ्रीजरमध्ये मात्र नको. कानाचे थेंब आणि फेविक्विकसारख्या गोंदाच्या छोट्या बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा. झोपेत चुकीची बाटली उचलली गेल्याच्या गोष्टी खोट्या नाहीत.

एक छोटा हिशेब मी दर महिन्याला करते. ५ मिलिलिटरच्या बाटलीत साधारण शंभर-सव्वाशे थेंब असतात. दोन डोळे, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज चार. महिन्यात बाटली जवळजवळ संपायलाच हवी. महिनाअखेर अर्धी उरली असेल तर आपण विसरतोय. पंधरा दिवसांत संपली तर गालावर सांडतोय. ‘औषधाचा गुणच येत नाही’ म्हणायच्या आधी हे बघा.

थेंबांच्या बरोबरीने

चोळणं थांबवणं हे औषधाइतकंच मोठं काम आहे. चोळल्याने त्या मास्ट पेशी आणखी फुटतात, खाज आणखी वाढते. वर्षानुवर्षं जोरात चोळणाऱ्या मुलांचा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो, त्याला केराटोकोनस म्हणतात. मग चष्म्याचा नंबर वेडावाकडा वाढतो. पण ‘चोळू नको’ एवढं म्हणून भागत नाही, हाताला दुसरं काम द्यावं लागतं. आम्ही फ्रिजमध्ये ओले रुमाल घडी करून ठेवतो. खाज आली की रुमाल डोळ्यांवर, पाच मिनिटं. बर्फ थेट लावू नका.

बाहेरून आला की आधी तोंड-हात धुणं, संध्याकाळी आंघोळ, केसांवरून पाणी. उन्हात पुढे चोच असलेली टोपी आणि गॉगल. डेझर्ट कूलरच्या गवताच्या ताट्या हंगामाच्या सुरुवातीला बदला आणि वाऱ्याचा झोत तोंडावर येऊ देऊ नका. गादी-उशीतल्या धूळकिड्यांसाठी अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, किमान ५५ अंशांचं पाणी लागतं, कोमट पाण्यात ते मरत नाहीत. घराभोवती गाजरगवत असेल तर फुलायच्या आधी उपटून टाका, पण ते काम मुलाला सांगू नका.

सासूबाईंशी माझे यावरून खटके उडाले आहेत, तरी लिहिते: डोळ्यांत दूध, मध, गुलाबपाणी, तूप काहीही घालायचं नाही. काजळ नाही, सुरमा तर नाहीच, त्यात शिसं असू शकतं. पोटात घ्यायची सेटिरिझिनसारखी गोळी शिंकांना बरी, डोळ्यांना तिचा उपयोग कमीच, उलट डोळे थोडे कोरडे होतात.

एवढ्यानेही भागलं नाही तर

पुन्हा पुन्हा स्टेरॉइड लागतंय असं दिसलं की डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं डोळ्यांसाठीचं ०.०३ टक्के मलम देतात. ही प्रतिकारशक्तीचा भडका शांत करणारी औषधं आहेत, स्टेरॉइड नव्हेत, आणि त्यांनी प्रेशर वाढत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला झोंबतात. आमच्याकडे पहिले चार दिवस रडारड झाली; आधी गार कृत्रिम अश्रू, पाच मिनिटांनी हे, असं करून निभावलं. टॅक्रोलिमस त्वचेसाठीही मिळतं, ती ट्यूब डोळ्यांत चालत नाही. घेताना लेबल स्वतः वाचा.

हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना

डोळा दुखतोय, नुसती खाज नाही. उजेडात उघडतच नाही. बुबुळावर पांढरा डाग दिसतोय. अंधुक दिसतंय. एकच डोळा लाल आहे. पिवळा पू येतोय. व्हर्नलमध्ये पापणीच्या खरखरीत उंचवट्यांनी कॉर्निया घासला जाऊन त्यावर जखम होऊ शकते, आणि ती थांबत नसते. डोळ्यांत चुना गेला असेल तर मात्र दवाखानाही नंतर: आधी नळाखाली, पापणी उघडी धरून, पंधरा-वीस मिनिटं पाणी, मग लगेच धाव.

आमचा पोरगा आता अकरा वर्षांचा आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून हंगामाच्या दोन आठवडे आधी, खाज नसतानाच ओलोपॅटाडिन सुरू करतो. कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निळी खूण असते, दर तीन महिन्यांनी प्रेशर तपासायची लाल. यंदाची निळी खूण त्याने स्वतः केली, आणि बाटलीवर तारीखही त्यानेच लिहिली, फक्त वर्ष मागचं टाकलं.